ओमानमध्ये कंत्राटी कामासाठी जाताना: रीत, नियम आणि कागदपत्रे

ओमानमध्ये प्रकल्पावर किंवा कंत्राटावर काम करायला निघालेल्या माणसाने एक गोष्ट आधी समजून घ्यावी: ओमानी माणूस बोलण्यात मृदू असतो, पण त्याचा देश नियमांच्या बाबतीत ढिला नाही. साइटवरचा ओमानी व्यवस्थापक आवाज चढवत नाही, म्हणून चूक खपून गेली असे समजणारे अनेक जण नंतर अडचणीत येतात. उलट, हाच कायदा परदेशी कामगारालाही बरेच काही देतो. ते आपल्याला माहीत नसते, एवढेच.

सुरुवात निघण्यापूर्वीच करावी लागते. व्हिसा रोजगाराचाच असला पाहिजे. पर्यटन व्हिसावर जाऊन काम सुरू करणे आणि व्हिसा नंतर बदलून मिळेल या आश्वासनावर विसंबणे हा सरळ कायदाभंग आहे, आणि त्याची झळ एजंटला नव्हे, तुम्हाला बसते. व्हिसावर लिहिलेला हुद्दा आणि प्रत्यक्ष काम जुळले पाहिजे. ज्याच्या पासपोर्टवर ईसीआर नोंद (म्हणजे काही देशांत नोकरीसाठी जाण्याआधी सरकारी परवानगी हवी, अशी नोंद) आहे, त्याला ओमानसाठी भारत सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेतून परवानगी घ्यावी लागते. तसेच नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. याहून अधिक मागणाऱ्याकडून पावती मागून पाहावी. तो बहुधा ती देत नाही, आणि तेवढ्यावरून निर्णय घ्यायला हरकत नाही.

करारनामा मात्र सावकाश वाचावा. सध्या लागू असलेला मजूर कायदा 2023 सालच्या 53 क्रमांकाच्या शाही फर्मानाने आला. करार अरबी भाषेत असतो किंवा दुसऱ्या भाषेतील कराराला अरबी प्रत जोडलेली असते, आणि वाद झाल्यास अरबी मजकूरच महत्त्वाचा ठरतो. म्हणून सही करण्यापूर्वी अरबी जाणणाऱ्या विश्वासू माणसाकडून दोन्ही मजकूर ताडून घ्यावेत. सर्वांत बारकाईने पाहायचा आकडा एकूण पगाराचा नसून मूळ पगाराचा आहे. ओव्हरटाइम आणि नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी, जी नव्या कायद्यानुसार दर वर्षाच्या सेवेमागे किमान एक महिन्याच्या मूळ पगाराइतकी असते, ही दोन्ही त्याच आकड्यावर मोजली जातात. भत्ते फुगवून मूळ पगार खाली ठेवलेला करार वरकरणी आकर्षक दिसतो आणि चार-पाच वर्षांनी हिशेब करताना त्याचा तोटा कळतो. मासिक पगारदाराचा परिवीक्षाकाळ तीन महिन्यांहून अधिक असू शकत नाही, आणि वार्षिक रजा किमान 30 दिवसांची असते. तुमच्या लेखी संमतीशिवाय मालकाला तुमचा पासपोर्ट स्वतःजवळ ठेवता येत नाही. ‘इथे सगळेच जमा करतात’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. मागणी नम्रपणे, पण लेखी करावी.

कामाचे तास दिवसाला 8 आणि आठवड्याला 40 आहेत. सुट्टी बहुतेक कार्यालयांत शुक्रवार-शनिवारची असते. जादा कामाचा मोबदला दिवसा किमान 25 टक्के आणि रात्री किमान 50 टक्के वाढीव दराने द्यावा लागतो, आणि जादा काम धरूनही दिवस 12 तासांच्या पुढे नेता येत नाही. आपले तास स्वतःच्या वहीत रोजच्या रोज लिहून ठेवावेत, कारण टाइमशीट ज्याच्या हातात असते त्याच्याच बाजूने ते चुकत असते. जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन या वेळेत उघड्यावर काम करवून घेण्यास बंदी आहे. तुम्ही स्वतः उपकंत्राटदार असाल किंवा तुमच्या हाताखाली टोळी असेल, तर वेळापत्रक याच बंदीभोवती आखावे: काँक्रीट ओतण्यासारखे खंड न पडू देता करायचे काम पहाटे सुरू होऊन साडेबाराच्या आत संपेल, अशी पंपाची आणि मिक्सरची वेळ आदल्या दिवशीच ठरवावी. ‘अर्ध्या तासाचेच काम उरले आहे’ म्हणून माणसे उन्हात ठेवू नयेत. या नियमामागे उष्माघाताने जाणारे जीव आहेत.

तेलक्षेत्रात, म्हणजे फहूद, मरमूल, निम्र अशा ठिकाणी, शिस्त आणखी कडक असते. तिथे परमिट, म्हणजे त्या कामाची लेखी परवानगी, असल्याशिवाय कामाला हात लावता येत नाही, गॅसच्या धोक्याचे प्रशिक्षण घेतल्याशिवाय काही भागांत प्रवेश मिळत नाही, आणि लांबच्या प्रवासाचा मार्ग, निघण्याची वेळ व विश्रांतीची जागा आधी नोंदवावी लागते. मागच्या सीटवरच्या माणसानेही पट्टा बांधलेला असावा लागतो. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, हे आपल्या चालकांनी पहिले काही आठवडे दर वळणावर स्वतःला आठवून द्यावे. आणि रात्री रस्त्यावर उंट येतात, त्यांच्यासाठी वेग कमी ठेवावा.

आता रीतीभातींकडे. ओमानी कार्यालयात शिरून थेट कागद पुढे करणे उद्धटपणाचे दिसते. आधी ‘अस्सलामु अलैकुम’, मग प्रकृतीची, घरच्यांची विचारपूस, आणि तीही घाई न करता. मात्र पुरुषाला त्याच्या पत्नीविषयी थेट विचारू नये, ‘घरची मंडळी कशी आहेत’ एवढे पुरते. स्त्री सहकारी असेल तर तिने हात पुढे केल्याशिवाय हस्तांदोलन करू नये. छातीवर हात ठेवून केलेले अभिवादन तिथे पूर्ण आदराचे मानले जाते. कहवा, म्हणजे तिथली कॉफी, पुढे आला, तर निदान एक कप घ्यावा. वाढणारा डाव्या हातात सुरई आणि उजव्या हातात बिनदांड्याचे छोटे कप धरतो आणि कप जेमतेम तळापासून थोडा वर भरतो; कमी वाढले असे वाटून घेऊ नये, कारण तो पुन्हापुन्हा भरायचाच असतो. कप उजव्या हातानेच घ्यावा, खजूरही उजव्याच हाताने, आणि पुरे झाल्यावर रिकामा कप हलकेच डावी-उजवीकडे हलवून परत द्यावा. नुसता परत दिला तर पुन्हा भरून येईल. या दहा मिनिटांत कामाचा विषय निघाला नाही, तरी ती वाया गेली असे मानू नये, कारण पुढच्या भेटीत अडलेली सही लवकर मिळते ती बहुधा याच ओळखीवर.

चारचौघांत कोणाची चूक दाखवू नये. ओमानी सहकाऱ्याने आराखड्यात चूक केली असेल, तर बैठक संपल्यावर बाजूला घेऊन सांगावे. ‘इन्शाअल्लाह’ ऐकले की तारीख पक्की झाली असे धरू नये आणि नकार मिळाला असेही धरू नये. सौम्य शब्दांत एका ओळीचा ईमेल पाठवून ठरलेले नोंदवावे. नमाजाच्या वेळी बैठक ठेवू नये, आणि सरकारी काम सकाळीच उरकावे.

रमजानमध्ये मुस्लिम कर्मचाऱ्यांचे तास दिवसाला 6 आणि आठवड्याला 30 इतके उतरतात, त्यामुळे त्या महिन्यातली कामाची गती आधीच हिशेबात धरावी. उपवासाच्या वेळेत सार्वजनिक जागी खाणे, पिणे किंवा सिगारेट ओढणे हा गुन्हा आहे, मग तुम्ही कोणत्याही धर्माचे असा. गाडीत बसून पाण्याची बाटली तोंडाला लावणेही टाळावे.

आपल्याकडच्या काही निरुपद्रवी सवयी तिथे महागात पडतात. सुलतानाविषयी किंवा धर्माविषयी अनादराने बोलणे, रस्त्यावर रागाने हातवारे करणे, अपघाताचे किंवा परक्या स्त्रियांचे फोटो काढणे, व्हॉट्सअ‍ॅपवर शिवीगाळ करणे, या सर्वांवर पोलीस कारवाई होऊ शकते. एखाद्या सहकाऱ्याच्या इस्पितळाच्या खर्चासाठी ग्रुपवर वर्गणी काढणे आपल्याला माणुसकीचे वाटते, आणि ते तसे आहेही. पण परवान्याशिवाय लोकांकडून निधी गोळा करणे तिथे गुन्हा आहे. अशी वेळ आली तर मस्कतमधील भारतीय दूतावासाला कळवावे. पूजाअर्चा घरात शांतपणे किंवा मस्कतमधल्या मान्यताप्राप्त मंदिरांत करावी.

औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत, दुसऱ्याने दिलेले पुडके न उघडता बॅगेत घालू नये, आणि खसखस मुळीच नेऊ नये, कारण आखाती देशांत तिच्यावरून प्रवासी अडकले आहेत. दारू पिऊन वाहन चालवण्याला कसलीही माफी नाही.

पगार थकला किंवा करार मोडला गेला, तर काम सोडून गायब होऊ नये. मालकाने तुमची गैरहजेरी नोंदवली की बाजू तुमची असूनही तुम्हीच बेकायदा ठरता. आधी लेखी मागणी करावी, मग मजूर मंत्रालयाच्या तंटा निवारण विभागात तक्रार द्यावी. तिथे तडजोड झाली नाही, तर प्रकरण न्यायालयात जाते. पगार बँकेतूनच घेण्याचा आग्रह धरावा, कारण तेव्हा खात्याचा उतारा हाच पुरावा ठरतो. 1 जानेवारी 2021 पासून करार संपल्यावर दुसऱ्या मालकाकडे जाण्यासाठी जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची गरज उरलेली नाही. मासिक पगारदाराने त्यासाठी नोटिशीचे 30 दिवस मात्र पाळावेत. कायमचे परतताना ‘सर्व देणी मिळाली’ या कागदावर सही करण्यापूर्वी ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे आणि परतीचे तिकीट या तिन्हींचा हिशेब आपल्या वहीशी ताडून पाहावा, आणि बँकेत रक्कम जमा झाल्यावरच सही करावी.