पावसाळ्यासाठी तांदळाची शेकपिशवी

जुलैत गगनबावड्याकडून पावसाची झड लागली की पंचगंगेच्या पाण्याबरोबर आमच्याकडं कोल्हापुरात थोरल्यांची गुडघेदुखीही चढायला लागते. खडे मीठ तव्यावर तापवून पुरचुंडीनं शेकायचं, ही आईची पद्धत. शेक झकास, पण पुरचुंडी निवली की पुन्हा गॅसकडं पळायचं. मायक्रोवेव्हमध्ये तापणारी तांदळाची पिशवी वीसेक मिनिटं ऊब धरते आणि हव्या त्या अंगाला वळते. शिवायला तासभर पुरे.

कापड शंभर टक्के सुती घ्या. मांजरपाट सगळ्यात बरा, इचलकरंजीचा माग जवळ असताना शोधायलाही लागत नाही. पॉलिस्टर मिसळलेलं कापड, नायलॉनचा दोरा, चेन, हूक, जरीचा काठ यातलं काही नको. प्लास्टिक वितळतं आणि धातूवर ठिणगी उडते. दहा बाय सात इंचांची पिशवी तीन बाजूंनी शिवा, अर्धा किलो कोरडा कच्चा तांदूळ भरा आणि चौथी बाजू बंद करा. पिशवी दोन तृतीयांशच भरायची, गच्च भरली तर गुडघ्यावर दगड ठेवल्यासारखी बसते. वरून काढता येईल असा सुती अभ्रा घाला. धुवायचा तो अभ्राच, आतली पिशवी कधीच नाही. तांदूळ लक्ष्मीपुरीच्या बाजारातला स्वस्तातला जाडा आणा. आजऱ्याचा सुवासिक घनसाळ तांदूळ यात घालणाऱ्याला आमच्याकडं जेवायला मिळणार नाही.

आता तापवणं. सगळी गोम इथंच आहे. मायक्रोवेव्ह तापवतो तो मुख्यतः तांदळातला ओलावा. दाणा कोरडा दिसला तरी त्यात साधारण बारा-तेरा टक्के पाणी असतं. दर खेपेला त्यातलं थोडं वाफ होऊन जातं. कोरड्या झालेल्या दाण्याला थंड ठेवणारं काही उरत नाही, मग तो करपतो आणि क्वचित पेटतोही. म्हणून बशीवर पिशवी पसरा आणि शेजारी अर्धा कप पाणी ठेवा. आधी एक मिनिट लावा, बाहेर काढून हलवा, हातानं चाचपा. कमी वाटली तर तीस-तीस सेकंद वाढवा. एकूण दोन मिनिटांच्या पुढं जाऊ नका आणि ओव्हनसमोरून हलू नका. पावसाळ्यात तांदूळ हवेतली ओल ओढतो, उन्हाळ्यात सुकतो, त्यामुळं पाठ केलेली वेळ बारा महिने चालत नाही. दुसरं म्हणजे एकदा शेकून झाल्यावर पूर्ण निवलेली पिशवीच पुन्हा आत ठेवायची. माझी पहिली पिशवी मी घाईनं लागोपाठ दोनदा तापवली. वरून कोमट लागत होती, पण आत काळा डाग पडला होता. घरभर भात लागल्याचा वास, तोही न शिजवता!

पिशवी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला पंधरा सेकंद धरून बघा. सहन होत असेल तरच दुखऱ्या जागी, मध्ये टॉवेलची घडी घालून, पंधरा ते वीस मिनिटं ठेवा. उबेनं रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आखडलेले स्नायू सैल पडतात. मान धरणं, कंबर भरून येणं, पाळीतली ओटीपोटातली कळ, यांना याचा चांगला उतार पडतो. पिशवीवर अंगाचा भार टाकून पडू नका आणि ती पांघरुणात घेऊन झोपू तर नकाच. झणझणणारा मलम चोळला असेल तर त्यावर शेक नाही. एकाच जागी महिनोन्‌महिने कडक शेक घेतला तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात.

तालमीत पाय मुरगळून आलेल्या पोराला बघितलं की घरातली बाई आधी शेकच आठवते. तिथं थांबा. ताज्या दुखापतीत पहिले दोन दिवस बर्फ. शेकानं सूज वाढते. लाल, गरम, सुजलेल्या सांध्यालाही शेक नको. मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांना चटका बसलेला कळतच नाही, त्यांना ही पिशवी देऊ नका. तान्ह्या बाळांना आणि लकवा झालेल्या अंगालाही नाही. गरोदरपणात पोटावर ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारा. पोटात अचानक जोराची कळ आली, सोबत ताप-उलटी असेल, तर शेकत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

वापरून झाली की पिशवी फरशीवर किंवा ताटात पूर्ण निवू द्या, मग कोरड्या डब्यात ठेवा. गरम असताना कपाटात कोंबली तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. श्रावणात तांदळात टोके (किडे) होतातच. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवली की ते मरतात. करपट किंवा कुबट वास आला, दाणे तपकिरी झाले, की तांदूळ टाकून द्या. कापडावर डाग नसेल तर पिशवी तीच चालते, तोंडाकडची एक शिवण तेवढी उसवायची.