कच्ची वही आणि खतावणी: डोकं रिकामं करून कल्पना हाती लागतील असं रोजचं लिखाण

एक जानेवारीला सुरू झालेली डायरी संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत टिकली तरी पुष्कळ झालं. यात दोष आळसाचा कमी आणि डायरीचा जास्त. छापील तारखेच्या पानावर ओळी मोजक्याच. मनात कल्लोळ असेल त्या दिवशी त्या पुरत नाहीत, आणि चार दिवस राहून गेले की कोरी पानं गैरहजेरी दाखवत बसतात. त्यात बहुतेकांचा समज असा की रोज लिहीत गेलं की कल्पना आपोआप सुचतील. तसं होत नाही. लिहिल्याने डोकं हलकं होतं, पण कल्पना मिळतात त्या लिहिलेलं पुन्हा वाचताना. ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांच्या वेळाही वेगळ्या, आणि दुसरं काम जवळजवळ कुणीच करत नाही.

जुन्या दुकानदारांना हा फरक पक्का ठाऊक होता. गिऱ्हाइकांची गर्दी असताना नोंद येईल तशी कच्च्या वहीत व्हायची. सवड झाली की त्यातून रोजकीर्द, म्हणजे तारीखवार नोंद, आणि रोजकीर्दीतून खतावणी, म्हणजे खात्याखात्यावर मांडणी. जर्मनीतल्या ग्योटिंगेनचा भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग लिश्टेनबर्ग (१७४२–१७९९) याने आपल्या टिपणवह्यांमध्ये व्यापाऱ्यांच्या याच पद्धतीचा दाखला देऊन अभ्यासकांनीही तसंच करावं असं लिहून ठेवलं आहे. घरगुती वापराला मधली पायरी लागत नाही. कच्ची वही आणि खतावणी एवढ्यावर भागतं.

वही कशी घ्यावी

शाळेची २०० पानी, एकरेघी, डाव्या बाजूला समास आखलेली वही घ्या. चामडी बांधणीची, जाड पिवळसर कागदाची वही भेट म्हणून आली असेल तर ती दुसऱ्या कामाला ठेवा. महागड्या पानावर माणूस जपून लिहितो, आणि जपून लिहिलेलं इथे काही कामाचं नाही. साध्या वहीच्या कागदावर शाईचं पेन मागच्या बाजूला उमटतं, म्हणून बॉलपेन किंवा जेलपेन बरं. वेगळ्या रंगाचं एक पेन लागेल. ते फक्त रविवारी वापरायचं.

पहिल्या दिवशी दोनच गोष्टी करा. शेवटची २४ पानं खतावणीसाठी राखून तिथे कागदाची खूण घाला, आणि पहिल्या वीस पानांवर वरच्या कोपऱ्यात क्रमांक टाका. पुढचे क्रमांक लागतील तसे. ते टाळले तर खतावणी करता येणार नाही. उरलेल्या १७६ पानांत रोजच्या दोन पानांच्या हिशोबाने ८८ दिवस, म्हणजे जवळपास तीन महिने निघतात.

मोबाइलवर चालेल का? हात दुखत असेल तर चालेल, पण विमान मोड लावून आणि मागे जाऊन न खोडता. अडचण टंकलेखनाची नसून खोडण्याच्या सोयीची आहे. वाक्य पुरं होण्याआधीच माणूस ते सुधारायला लागतो आणि मनातलं मनातच राहतं.

रोजची पंधरा मिनिटं

पंधरापैकी दहा मिनिटं ओतायला आणि पाच चाळायला. दहा मिनिटांचा गजर लावून फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पानावर तारीख टाका आणि डोक्यात जे असेल ते लिहीत सुटा: सोसायटीचा मेंटेनन्स, साहेबांचं कालचं बोलणं, मुलाची फी, फ्रिजमधली उतरायला लागलेली भाजी. नियम एकच, पेन थांबवायचं नाही. काही सुचेनासं झालं तर शेवटचा शब्द पुन्हापुन्हा लिहा, किंवा ‘पुढचं सुचत नाही’ हेच लिहीत राहा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मन कंटाळून दुसरं काहीतरी पुढे करतं. शुद्धलेखन, परिच्छेद, वळणदार अक्षर यांना इथे सुट्टी.

भाषा कुठली? ज्या भाषेत भांडता ती. शाळेच्या सवयीने बरेच जण इंग्रजीत लिहायला घेतात आणि सगळं कसं सभ्य, अर्जासारखं उतरतं. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, धेडगुजरी, काहीही चालेल.

गजर वाजला की चाळणी. लिहिलेलं भराभर वाचत समासात खुणा करा. करायच्या कामापुढे चौकोन, आपल्या हातात नसलेल्या काळजीपुढे फुली, आणि वेगळं, गमतीचं, पुढे उपयोगी पडेलसं वाटेल त्यापुढे चांदणी. बाकीच्या ओळींना खूण नको. पानभर मजकुरात सात-आठ खुणा खूप झाल्या.

चौकोनांवर मात्र जरा थांबा, कारण डोकं हलकं होण्याचं बरंचसं काम इथे होतं. मनात एका वेळी जेमतेम चार-पाच गोष्टी धरून ठेवता येतात, आणि अर्धवट कामं त्यातली जागा अडवून बसतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की अपुरं काम वाचनात लुडबुड करतं, पण ते कधी, कुठे, कसं करायचं याचा नक्की बेत झाला की काम न होताही लुडबुड थांबते. म्हणून ‘आईचं औषध’ एवढं लिहून पुरत नाही. ‘आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, गुरुवारी परतताना, स्टेशनसमोरच्या दुकानातून’ असं लिहिलं की मन तो विषय सोडतं. प्रत्येक चौकोनापुढे असा वार आणि ठिकाण घाला. ज्याला वार सापडत नाही ते काम बहुधा कामच नसतं, इच्छा असते. त्याचा चौकोन खोडा.

फुलीच्या ओळींचं काहीही करायचं नाही. खूण झाली, पुढे चला.

सकाळी लिहावं की रात्री? कल्पना हव्या असतील तर सकाळी, चहाबरोबर, वर्तमानपत्र आणि फोन उघडण्याआधी. झोप हा प्रश्न असेल तर रात्री, पण मग पाचच मिनिटं, आणि फक्त पुढच्या दिवसांची कामं. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८च्या प्रयोगात ५७ तरुणांपैकी काहींनी झोपण्याआधी पाच मिनिटं यायच्या दिवसांची कामं लिहिली, तर काहींनी उरकलेली. पहिल्या गटाला सरासरी सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. दिवसभराचं उणंदुणं रात्री अकराला उकरून काढलं तर उलटा परिणाम होऊ शकतो, ते सकाळवर टाका.

एक प्रश्न, वीस उत्तरं

हे रोज नको. आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं. वरच्या ओळीत प्रश्न लिहा, खाली एक ते वीस आकडे आधीच घालून ठेवा. आकडे आधी घालण्याला कारण आहे: रिकामा तेरावा आकडा दिसत असताना सातव्यावर उठून जाता येत नाही.

प्रश्न नीट घातला तर अर्धं काम झालं. घरगुती डबे करणारीचं उदाहरण घेऊ. ‘धंदा कसा वाढवू?’ हा प्रश्न नव्हे, उसासा आहे. ‘मे महिन्यात कॉलेजची मुलं गावी गेली की चाळीस डब्यांचे पंधरा होतात, ते दोन महिने स्वयंपाकघरातले रिकामे तास कशाला लावू?’ हा प्रश्न. त्यात महिना आहे, आकडे आहेत आणि अडलेली जागा दिसते.

आता उत्तरं. पहिली चार-सहा कुणालाही सुचतील अशी येतात: दर कमी करू, पत्रकं वाटू, स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिकांत विचारू, रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या नर्सना डबे देऊ. नवव्या-दहाव्याला गाडी अडते. इथेच बहुतेक जण वही मिटतात आणि इथेच मिटायची नसते. ‘आता संपलं’ वाटल्यावर मुद्दाम वेडगळ लिहा. समजा तेराव्यावर आलं: ‘डबे बंद, गच्ची भाड्याने.’ हसू येईल. पण पंधराव्यावर त्याचंच रूप बदलतं: फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना कुरडया आणि सांडगे हवे असतात, वाळवायला ऊन नसतं, गच्ची आहे, चीक शिजवायची पातेली आहेत, हाताखालच्या दोघी मोकळ्या आहेत, आणि वाळवणाचा हंगाम नेमका तोच. तेरावं वेडं उत्तर आलं नसतं तर पंधरावं शहाणं आलं नसतं. अशा याद्यांत उशिरा येणाऱ्या कल्पना सरासरीने अधिक अनोख्या असतात, हे मानसशास्त्राच्या अभ्यासांत १९५७पासून पुन्हापुन्हा दिसलं आहे. सगळ्या चांगल्या असतात असं मात्र नाही. वीसातली दोन हाताशी लागली तरी वीस मिनिटं वसूल.

यादी करताना एकही उत्तर खोडू नका. चांदण्या दुसऱ्या दिवशी द्या.

रविवारची खतावणी

अर्धा तास, वेगळ्या रंगाचं पेन. आठवड्याची पानं पहिल्यापासून वाचा. उचलायच्या त्या दोनच गोष्टी: चांदण्या, आणि तीन किंवा अधिक वेळा आलेला विषय, मग त्यावर खूण असो वा नसो. वारंवार आलेला विषय हा चांदणीपेक्षाही मोलाचा, कारण तो लिहिताना जाणवत नाही. सोमवारी ‘पाठ धरली’, बुधवारी ‘खुर्ची बदलायला हवी’, शुक्रवारी ‘चिडचिड झाली’, या तीन ओळी एकत्र वाचल्यावरच कळतं की बोलायचं साहेबांशी नसून सुताराशी आहे.

मागच्या राखीव पानांवर विषयाला एक मथळा द्या आणि पुढे पान क्रमांक घाला: ‘वाळवण – १४, १९, २३.’ सबंध मजकूर उतरवू नका, फार तर एका ओळीत सार. सुरुवातीला पाच-सहा मथळे पुरेत. नंतर वाढले तर अक्षरवार लावा. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने टिपणवहीच्या अनुक्रमणिकेची पद्धत १६८६मध्ये छापली, तीत शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्याच्यापुढचा पहिला स्वर असे कप्पे केले होते. मराठीत ते काम बाराखडी फुकट करते: गच्ची ‘ग’मध्ये, गोठण ‘गो’मध्ये.

एका मथळ्यासमोर पाच पान क्रमांक जमले की त्या आठवड्याचा ‘वीस उत्तरांचा’ प्रश्न त्यातूनच काढा. असं केलं की वही स्वतःच पुढचं काम सुचवते.

रविवार चुकला तर पुढच्या वेळी दोन आठवडे वाचा. तीन चुकले तर जुनं सोडून द्या, फक्त शेवटचा आठवडा घ्या. साचलेली खतावणी उपसायला बसणं हे पद्धत कायमची बंद पडण्याचं हमखास कारण आहे. रोजच्या लिखाणालाही तेच लागू: राहिलेले दिवस भरून काढायचे नाहीत, आजची तारीख टाकायची.

कुठे बिघडतं

सर्वांत मोठा धोका उगाळण्याचा. जावेची, भावाची, साहेबांची तीच तक्रार त्याच शब्दांत रोज उतरवली तर मन मोकळं होण्याऐवजी राग घोटून पक्का होतो. खतावणीत एकच तक्रार तिसऱ्यांदा दिसली की लिहिण्याचा ढंग बदला. ‘मी’ काढून स्वतःचं नाव घाला आणि तिसऱ्याच कुणीतरी सांगितल्यासारखं लिहा. एकदा समोरच्याच्या तोंडून लिहा. तेवढं अंतर पडलं तर विषय सुटायला लागतो.

जुनी जखम लिहून काढायची असेल तर ती रोजच्या वहीत मिसळू नका. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६च्या प्रसिद्ध प्रयोगात सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायचं आणि मग थांबायचं, असा बेत होता. लिहिल्यावर काही वेळ जास्तच उदास वाटतं हे त्यात दिसलं होतं, म्हणून लगेच कामावर किंवा झोपायला जायचं असेल तेव्हा नको. लिहिताना फारच असह्य झालं तर त्याच क्षणी थांबा. दुःख अगदी ताजं असेल तर काही आठवडे जाऊ द्या. आणि झोप, भूक उडाली असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर ते वहीचं काम नाही: डॉक्टरांना भेटा, किंवा केंद्र सरकारच्या टेलीमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो निःशुल्क आहे आणि मराठीत बोलता येतं.

दुसरी अडचण घरच्यांची. दोन खोल्यांच्या घरात वही कुणाच्याही हाती पडू शकते, आणि ती भीती असली की माणूस वाचणाऱ्यासाठी लिहायला लागतो. नाजूक मजकूर पाठकोऱ्या कागदांवर लिहा आणि लगेच फाडा. वाचायला उरला नाही तरी मनातून बाहेर आलेला असतो. फाडण्याआधी त्यातली एखादी चांदणी वहीत उतरवून घ्या.

पहिल्या पंधरवड्यात किराणा आणि कुरकुर याशिवाय काही उतरलं नाही तर घाबरू नका, वरचा गाळ तोच असतो. पद्धत जमते की नाही हे चार रविवार झाल्याशिवाय ठरवू नका.

वही भरली की कव्हरवर ‘अमुक तारखेपासून अमुकपर्यंत’ लिहा. खतावणीतले अजून जिवंत वाटणारे मथळे, जास्तीत जास्त दहा, नव्या वहीच्या मागच्या पानावर घ्या, जुन्या पान क्रमांकांसकट. जुनी वही निदान वर्षभर ठेवा. त्यानंतर रद्दीत घालायची असेल तर आधी शिवण उसवून पानं आडवी फाडा. रद्दीचे कागद पुडीच्या रूपाने कुणाच्याही घरी पोचतात.