भातलावणी, आंबा आणि कवितेची वही: कोकणात राहून लिहू लागलेल्यांसाठी

कवितेसाठी नोकरी, बाग किंवा दुकान सोडायचा विचार मनात आला तर तो लगेच बाजूला ठेवा. मालगुंडचे केशवसुत शाळेत शिकवत लिहीत होते, आरती प्रभूंनी कुडाळात घरची खानावळ सांभाळत लिहिले. मराठीत कवितेचे मानधन मिळालेच तर किरकोळ असते, त्यावर घर चालत नाही. प्रश्न आहे तो वेळेचा, आणि वेळेची अडचण बहुतेकदा एकाच गोष्टीतून येते. सुचणे, टिपणे, घडवणे आणि पाठवणे ही चार निरनिराळी कामे आपण एकाच बैठकीत करायला जातो. यातल्या फक्त घडवण्याला सलग निवांतपणा लागतो. बाकीची तीन कामांच्या मधल्या फटींत बसतात.

टिपण्यापासून सुरुवात करा. हात कोलंबी सोलण्यात किंवा तरवा (भाताची रोपे) उपटण्यात गुंतलेले असतात तेव्हा वही उघडता येत नाही. अशा वेळी अष्टाक्षरी किंवा ओवी मदतीला येते, कारण अक्षरांचा किंवा यमकाचा हिशेब स्मरणशक्तीवर पहारा ठेवतो. ‘पागोळीच्या धारेखाली, कळशी भरत आली’ यात प्रत्येक चरणात आठ अक्षरे आहेत. संध्याकाळी ‘कळशी भरली’ एवढेच आठवले तर सहाच भरतात आणि काहीतरी निसटल्याचे तिथेच कळते. जात्यावरच्या ओव्या पिढ्यान्‌पिढ्या तोंडी टिकल्या त्यात या बांधणीचा मोठा वाटा आहे. मुक्तछंदात शब्द बदलला तरी पत्ता लागत नाही. म्हणून मुक्तछंद सुचला तर हात पुसून पहिली ओळ आणि दोन-तीन कळीचे शब्द लगेच लिहून ठेवा. गझल लिहिणाऱ्यांची थोडी सोय आहे. प्रत्येक शेर स्वतंत्र असल्यामुळे जयगड-तवसाळ फेरीबोटीत एखादा शेर घोळवता येतो, वृत्त आणि काफिया (यमक) मनात पक्के असले की झाले.

मोबाइलवर बोलून ठेवत असाल तर आधी तारीख आणि विषय उच्चारा, नाहीतर बिननावाच्या फायलींचा ढीग साचतो. पत्र्याखाली पाऊस चालू असेल तर आवाज बुडतो, फोन तोंडाजवळ धरा. आठवड्याच्या आत ते कागदावर उतरवा. उशीर झाला की शब्द ऐकू येतात, पण ते का म्हटले होते ते आठवत नाही.

पावसाळ्यात वहीची काळजी घ्यावीच लागते. दमट हवेत कागद ओलावतो, जेल पेनाची शाई फुटते, कपाटातल्या वह्यांवर बुरशी येते. पेन्सिल किंवा साधे बॉलपेन वापरा. चालू वही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि उघडीप मिळाली की जुन्या वह्यांना वारा द्या. पक्क्या झालेल्या कवितेचा फोटो काढून तो स्वतःलाच मेल करा.

आता घडवण्याचा वेळ. आठवड्यातून दोनदा सव्वा तास मिळाला तरी पुरतो, पण तो घरच्यांना वार आणि वेळ सांगून ठरवलेला हवा. ‘मला जरा लिहायचंय’ असे मोघम सांगितले की कोणीही हाक मारते, आणि त्यात त्यांची चूक नसते. ‘बुधवारी आणि शनिवारी जेवणं आवरल्यावर मी माजघरात बसणार, मुलांचा अभ्यास त्याआधी घेईन’ असे सांगा, आणि बदल्यात कोणते काम उचलणार तेही सांगा. घरातल्या सुनेला रात्रीचा वेळ क्वचितच मिळतो. तिच्यासाठी दुपारी घर लवंडते तो दोन ते सव्वातीनचा वेळ जास्त भरवशाचा. या बैठकीत फोन हातात घेऊ नका. फोन पाहणारा माणूस घरच्यांना मोकळाच दिसतो, कागदावर वाकलेला मात्र कामात दिसतो. घरात जागाच नसेल तर वाचनालय गाठा. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे.

खरी कसोटी वर्षाच्या आखणीत लागते. बहुतेक दिवाळी अंक कविता मागवतात ते जून ते ऑगस्टमध्ये. नेमकी तेव्हाच भातलावणी असते, मग बेणणी (तण काढणे), मग गणपती आणि चाकरमान्यांनी भरलेले घर. त्या दिवसांत नवी कविता पुरी करायला गेलात तर कविता कच्ची जाते आणि घरात चिडचिड होते. मे महिनाही आंबापेट्यांत आणि पाहुण्यांत जातो. म्हणून दिवाळी अंकांच्या कविता मार्गशीर्ष-पौषात, भात घरात आल्यावर घडवून ठेवा. आंब्याची बाग असेल तर मोहोरावरच्या फवारण्यांचे दिवस त्यातून वगळा. मासेमारीच्या घराचे गणित वेगळे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, तेव्हा जाळी सांधण्याचे काम असले तरी पहाटेची धावपळ थांबते. ती पहाट कवितेला द्या.

पाठवताना एक कविता एका वेळी एकाच अंकाकडे पाठवा आणि वहीच्या शेवटच्या पानावर कवितेचे नाव, अंक, तारीख लिहा. बरेच संपादक अप्रकाशित कविताच घेतात आणि व्हॉट्सॲप-फेसबुकवर टाकलेली कविता त्यांच्या लेखी प्रकाशित ठरू शकते. मजकूर युनिकोडमध्ये द्या, सोबत पीडीएफ जोडा, म्हणजे ओळी जिथे तोडल्यात तिथेच राहतात.

घरच्या माणसांवरच्या कवितेबाबत फार जपून राहा. आपल्या वाडीत नाव बदलूनही माणूस ओळखू येतो. सासू, नणंद, चुलत भाऊ यांच्यावरची कविता छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा. सामाईक जमिनीचा दावा चालू असेल तर त्या भाऊबंदकीवरची कविता निकाल लागेपर्यंत वहीतच राहू द्या. कविता थांबू शकते, तुटलेले येणे-जाणे पुन्हा जुळायला एखादी पिढी लागते.

संग्रहाची घाई नको. पैसे भरून संग्रह काढायचा असेल तर प्रती किती, उरलेल्या कोणाकडे राहणार आणि हक्क कोणाचे, हे लेखी घ्या. आयएसबीएन या पुस्तकाच्या ओळख-क्रमांकासाठी सरकार शुल्क घेत नाही, हेही लक्षात ठेवा.

कविसंमेलनाला होकार देण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी विचारा: आपला क्रम साधारण किती वाजता, प्रवासखर्च मिळणार का, आणि परतीची सोय काय. कार्यक्रम लांबतातच, आणि आडगावाची शेवटची एसटी संध्याकाळीच निघून गेलेली असते. सोय नसेल तर क्रम आधी लावून मागा. त्यात कमीपणा नाही, बायकांनी तर तो हक्काने मागावा. महिन्याला एकच कार्यक्रम घ्या, आणि तो ठरलेल्या बैठकीच्या दिवशी आला तर ती बैठक कुठल्या वारी हलवली ते त्याच दिवशी घरी सांगा.