डेस्कटॉपचा प्रोसेसर मंदावला तर काय तपासावे

संगणक रेंगाळू लागला की दुकानातून पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारून घ्या’ असा. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या माझ्या घरातील डेस्कटॉपवर हा उपाय दोनदा झाला आणि विंडोज नव्याने बसवूनही दोन्ही वेळा तो भर दुपारी पुन्हा मंदावला. दुपारीच का, हे आधी विचारले असते तर पैसे वाचले असते.

प्रोसेसरवर कामाचे ओझे जास्त आहे की त्याने स्वतःच वेग उतरवला आहे, एवढे प्रथम ठरवावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा व ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’ म्हणजेच प्रोसेसर निवडावा. तेथे वापराची टक्केवारी, चालू वेग आणि ‘बेस स्पीड’, म्हणजे प्रोसेसरचा ठरलेला मूळ वेग, दिसतो. वापर १०० टक्क्यांच्या आसपास असून वेग बेस स्पीडहून अधिक असेल, तर प्रोसेसर निर्दोष आहे. त्याला राबवणारा प्रोग्राम ‘प्रोसेसेस’मध्ये शोधावा. जड काम चालू असतानाही वेग बेस स्पीडच्या खाली राहत असेल, तरच पुढची तपासणी करावी, कारण रिकाम्या वेळी वेग उतरणे ही वीज वाचवण्याची नेहमीची सोय आहे.

त्यानंतर एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये तापमान पाहावे. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस, तर एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५ अंश असते. ती गाठताच जळण्यापासून वाचण्यासाठी प्रोसेसर आपला वेग कमी करतो. प्रोसेसरवर बसवलेला पंख्याचा कूलर उष्णता खोलीतल्या हवेतच सोडत असल्यामुळे खोली जितक्या अंशांनी तापते, साधारण तितक्याच अंशांनी प्रोसेसरही तापतो. त्यात मेट्रोच्या कामाची धूळ आणि खाडीकडची दमट हवा यांनी कूलरच्या पात्यांत जाड थर बसतो, आणि आपण कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबून ठेवलेले असते. ते आधी बाहेर काढावे. माझ्याकडे निम्मा फरक तेवढ्यानेच पडला.

सफाईपूर्वी वायर काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे. पंखा बोटाने अडवून मऊ ब्रश आणि ब्लोअरने धूळ उडवावी. पंखा मोकळा फिरू दिल्यास त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. एवढ्याने तापमान उतरले नाही, तर थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा मधला लेप, बदलावी. येथे घाई महागात पडते: एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या खाचेच्या) रायझनवर वाळलेल्या पेस्टमुळे कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून येऊ शकतो आणि त्याच्या पिना वाकू शकतात, म्हणून संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ झाल्यावर तो बंद करावा, वायर काढावी आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट मध्यभागी ठेवावी. इंटेलच्या जुन्या पद्धतीच्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांनुसार दाबाव्यात आणि प्रत्येकीचा ‘टक्’ आवाज ऐकावा. माझ्या यंत्रात त्यांतली एक सैल होती.

तापमान योग्य असूनही वेग कमी असेल, तर कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ‘पॉवर सेव्हर’ निवडलेले नाही ना आणि ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० टक्के आहे ना, हे पाहावे. तो आकडा ९९ केला तरी बहुधा टर्बो, म्हणजे बेस स्पीडहून वरचा, वेग बंद पडतो. संगणकाचे घड्याळ वारंवार मागे पडत असल्यास मदरबोर्डवरील (संगणकाच्या मुख्य पट्टीवरील) सीआर२०३२ बॅटरी बदलावी आणि बायोसमधील, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ प्रोग्राममधील, सेटिंग पुन्हा तपासावे.

प्रोसेसर थंड असून वेग ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकला असेल, तर मदरबोर्ड त्याला अतितापाचा खोटा संकेत देत असण्याची शक्यता आहे. बायोस मूळ स्थितीत आणूनही फरक पडला नाही, तर तंत्रज्ञाकडे जावे, आणि जाताना वेग व तापमान दाखवणाऱ्या पडद्याचे फोटो मोबाइलमध्ये न्यावेत, म्हणजे निदान फॉरमॅटचा विषय निघणार नाही.