युद्धाने स्त्रियांचे स्थान बदलले का, हे कसे तपासावे

‘युद्धामुळे स्त्रिया घराबाहेर पडल्या’ हे विधान इतक्या सहजपणे केले जाते, की ते तपासण्याची गरजच कोणाला वाटत नाही. या विषयावर लिहायचे असेल, तर आरंभ युद्धाच्या आधीपासून करावा. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेलेल्या अनेक स्त्रिया त्यापूर्वीही घरकाम करणाऱ्या किंवा कापडगिरण्यांतल्या कामगारच होत्या. युद्धाने त्यांना काम मिळवून दिले असे म्हणण्यापेक्षा अधिक मजुरीचे काम दिले, असे म्हणावे. टीएनटी या स्फोटकाच्या संपर्काने त्यांची कातडी पिवळी पडे, हेही त्याच हिशेबात मांडावे.

त्यानंतर युद्ध संपल्यावरची पाच-दहा वर्षे पाहावीत. बहुतेक लेखनात नेमकी तीच गाळली जातात. ब्रिटनमध्ये १९१९ साली युद्धपूर्व कामपद्धती पूर्ववत करणारा कायदा झाला आणि स्त्रियांच्या हाती आलेली पुष्कळ कामे पुन्हा पुरुषांकडे गेली. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या पाळणाघरांचा तो निधी १९४६ मध्ये थांबला. म्हणून भरतीची भित्तिपत्रके पाहून बदल मोजू नये. वेतनाचे दर, पाळणाघरांचा खर्च आणि कामावरून कमी करण्याचे नियम यांची कागदपत्रे रुक्ष असतात खरी, पण खोटे बोलण्याची सोय त्यांत कमी असते.

मताधिकाराचे श्रेय युद्धाला देण्यापूर्वी दोन देश शेजारी ठेवून पाहावेत. ब्रिटनने १९१८ मध्ये तीस वर्षांवरील, तेही मालमत्तेसारख्या अटी पूर्ण करणाऱ्या स्त्रियांना मताधिकार दिला. म्हणजे कारखान्यात राबलेल्या तरुण मुली बहुतांशी बाहेरच राहिल्या आणि पुरुषांच्या बरोबरीचा हक्क १९२८ मध्ये आला. तेच युद्ध लढलेल्या फ्रान्समध्ये स्त्रियांना १९४४ पर्यंत थांबावे लागले. न्यूझीलंडने तर कोणत्याही महायुद्धाविना १८९३ मध्येच हा हक्क दिला होता.

कधी कधी बदल घडतो तो पुरुष उरलेच नाहीत म्हणून. सोव्हिएत संघाच्या १९५९ च्या जनगणनेत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा सुमारे दोन कोटींनी अधिक होती. रवांडात १९९४ च्या वंशसंहारानंतर विधवांपुढे जमिनीच्या मालकीचा प्रश्न उभा राहिला, १९९९ मध्ये मुलींना वारसाहक्क मिळाला आणि २००३ च्या राज्यघटनेने निर्णयप्रक्रियेत स्त्रियांसाठी किमान तीस टक्के जागा ठेवल्या. येथे संसदेतील जागा मोजून थांबू नये. शेताच्या उताऱ्यावर नाव कोणाचे आहे, तेही पाहावे.

मुलाखत घेणे शक्य असेल, तर ‘युद्धात तुम्ही काय केले?’ हा प्रश्न मागे ठेवून ‘ते काम कधी सुटले आणि सुटल्याचे कोणी सांगितले?’ असे विचारावे. शक्यतो घरातील इतर मंडळी समोर नसताना विचारावे.