शाळेत समुपदेशक म्हणून रुजू होताना: प्रश्नावली वाटण्याआधीचा हिशेब

जुलै 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्यामुळे सयाजीराव विद्यापीठातून मानसशास्त्र किंवा समाजकार्य करून बाहेर पडणाऱ्यांना बडोद्यातल्या शाळांची दारं आता जास्त उघडी आहेत. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापक विचारतील, "कुणाला मानसिक त्रास आहे का, सगळ्या मुलांचं एकदा प्रश्नावली देऊन स्क्रीनिंग उरकून टाकूया का?" हो म्हणायच्या आधी कागद-पेन घ्या.

समजा आठवी ते दहावीची 500 मुलं आहेत आणि त्यातल्या 50 जणांना खरोखर त्रास आहे. प्रश्नावली त्रास असलेल्या दहातल्या आठांना पकडते, आणि त्रास नसलेल्या शंभरातल्या पंधरांवरही बोट ठेवते, असं धरा. म्हणजे 40 नावं खरी, 67 फुकटची. यादी 107ची झाली. दिवसाला अर्ध्या तासाच्या पाच मुलाखती घेतल्या, तरी शाळेचे बावीस दिवस जातात. यादीत शेवटी राहिलेल्या मुलीकडे तुम्ही महिनाभराने पोहोचता. म्हणून उलट्या बाजूने मोजा: आठवड्याला 25 मुलाखती जमणार असतील, तर त्या आठवड्यात दोनच तुकड्यांना कागद द्या.

वेळही बघावी लागते. मुलांच्या भावना आणि वागणुकीतल्या अडचणी मोजणारी, 25 विधानांची एसडीक्यू ही प्रश्नावली शाळेत सोयीची. ती मागच्या सहा महिन्यांबद्दल विचारते, त्यामुळे जूनमध्ये वर्गशिक्षकांकडून भरून घेण्यात अर्थ नाही. त्यांनी मूल अजून पाहिलेलंच नसतं. ऑगस्ट बरा. नवरात्रीत आणि त्यानंतरचे पंधरा दिवस पीएचक्यूसारखी, नैराश्याच्या लक्षणांबद्दल मागच्या दोन आठवड्यांचं विचारणारी प्रश्नावली देऊच नका. गरब्याहून रात्री एकला परतलेली अख्खी तुकडी 'झोप नीट होत नाही' आणि 'थकवा वाटतो' यावर खूण करते.

एसडीक्यूत नवख्यांच्या चुका ठरलेल्या आहेत. 7, 11, 14, 21 आणि 25 ही विधानं चांगल्या बाजूची, त्यांचे गुण उलटे धरायचे. इतरांशी चांगलं वागण्याबद्दलची पाच विधानं एकूण अडचणींच्या बेरजेत येत नाहीत, म्हणून बेरीज 50पैकी नसून 40पैकी असते. मुलाने स्वतः भरलेल्या कागदावर 20 आणि पुढे म्हणजे जास्त, शिक्षकांच्या कागदावर मात्र 16पासूनच. दोन्हीला एकच पट्टी लावली की यादीच बदलते. शिवाय या पट्ट्या मूळच्या ब्रिटनमधल्या. त्यांच्याकडे कोर्टाचा निकाल म्हणून बघू नका. मुलाने स्वतः भरायचा कागद 11 वर्षं पूर्ण झालेल्यांसाठीच आहे, त्याहून लहानांना देऊ नये. त्यांचा पालक आणि शिक्षकांकडून भरून घ्यायचा.

भाषेचा घोळ बडोद्यात वेगळाच. घरी मराठी, शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाची, मित्रांशी तिन्हींची मिसळ. कागद कुठल्या भाषेत हवा ते मुलाला विचारा, आडनावावरून ठरवू नका. अधिकृत भाषांतरंच वापरा. रात्री बसून घरी केलेल्या भाषांतरात एक शब्द सौम्य झाला की गुण बदलतात. मुलाखतीत 'उदास वाटतं का' यावर बरीच मुलं मान हलवून नाही म्हणतात. पोटात गोळा येतो का, शाळेत निघताना जीव घाबरा होतो का, गुजरातीत 'गभरामण' (घाबरल्यासारखं) होते का, असं विचारलं की बोलायला लागतात. 'कंटाळा आलाय' म्हटलं तर कशाचा, कधीपासून, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि लक्ष नसलेल्या मुलाला फळा दिसतो का, ते आधी तपासा. चष्म्याचा नंबर हा विकार नव्हे, पण शिक्षकांच्या कागदावर तो चंचलपणासारखा दिसतो.

एसडीक्यूत स्वतःला इजा करण्याबद्दल प्रश्न नाही. पीएचक्यूचा नववा प्रश्न तोच आहे, आणि तो विचारलात तर प्रत्येक कागद शाळा सुटायच्या आत वाचलाच पाहिजे. कागद कपाटात ठेवून सोमवारी बघू, हे चालत नाही. शून्य सोडून काहीही उत्तर असेल तर त्याच दिवशी भेट. थेट विचारा, विचारल्याने डोक्यात विचार शिरतो ही समजूत चुकीची आहे. धोका दिसला तर मूल एकटं सोडायचं नाही, पालकांना बोलावून घ्यायचं. 14416 हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक दिवसरात्र चालतो, तो वर्गातही लावा.

'हे मी कुणालाच सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायद्याच्या कलम 19खाली कळवणं बंधनकारक आहे. काय गुप्त राहील आणि काय नाही, हे मुलाखतीच्या पहिल्या दोन मिनिटांत सांगा. यादीवर नावांऐवजी क्रमांक, आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर त्यातलं काहीही नाही. (ऑफ तासाला तुम्हाला वर्गावर पाठवलं जाणारच. आदल्या तासाला रडलेलं मूल पुढच्या तासाला तुमच्याच ओरडण्याखाली असेल, तर दुसऱ्यांदा येत नाही. हे मुख्याध्यापकांना सुरुवातीलाच लेखी कळवा.)

पालकांची लेखी संमती आधी घ्या आणि मुलालाही नाही म्हणायची मोकळीक द्या. निकाल फोनवर सांगू नका. समोर बसवून झोप, जेवण, शाळेची हजेरी यांबद्दल बोला. 'तुमच्या मुलाला डिप्रेशन आहे' हे वाक्य तुमचं नाही, निदान डॉक्टर करतात. पुढे पाठवायचं तर सयाजी हॉस्पिटलचा मनोविकार विभाग आणि कारेलीबागचं मानसिक आरोग्य रुग्णालय, ही दोन सरकारी ठिकाणं. चिठ्ठीत तारखेसह जे दिसलं तेच लिहा: तीन आठवड्यांत नऊ दिवस गैरहजर, डबा परत, हातावर ओरखडे. ओपीडीची वेळ आणि केसपेपरची खिडकी आपण आधी जाऊन पाहून ठेवावी. आईबाप तिथल्या रांगेतूनच परत फिरतात.

कागद भरले त्या दिवशीची गैरहजेरी वहीतून वेगळी उतरवून घ्या. न येणाऱ्यांतच सगळ्यात त्रासात असलेली मुलं असू शकतात, आणि त्यांचा कागद तुमच्या यादीत कधी येणारच नसतो. त्या नावांसाठी आठवड्यातले दोन तास आधीच मोकळे ठेवा.