एमडीएफ-प्लायवूड आयातीत देशादेशांची तुलना करताना या चुका टाळा

व्हिएतनामचा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) स्वस्त की थायलंडचा? असं विचारलं की बहुतेक जण आयातीची रक्कम घेतात, तिला एकूण मालाने भागतात आणि ज्याचा दर कमी येईल तो देश स्वस्त ठरवून मोकळे होतात. त्या दरावर पुढे ऑर्डरी निघतात, म्हणून हा हिशेब नीट व्हायला हवा.

सगळ्यात मोठी चूक जाडीकडे न बघण्याची. आठ बाय चार फुटांची 18 मिमी शीट साधारण 0.0536 घनमीटर भरते, म्हणजे एका घनमीटरात अठरा-एकोणीस शीट. 3 मिमीच्या मात्र त्याच घनमीटरात 112 शीट बसतात. तेवढ्या शीट दाबायच्या, घासायच्या, कापायच्या. त्यामुळे पातळ मालाचा घनमीटरचा दर चढाच असतो. जो देश पातळ माल जास्त पाठवतो तो उगाच महाग दिसतो. म्हणून एमडीएफ ज्यात येतो त्या 4411 या एचएस कोडचा (सीमाशुल्कासाठी मालाला दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) एकत्रित आकडा घेऊ नका. 5 मिमीपर्यंत 4411.12, त्यापुढे 9 मिमीपर्यंत 4411.13, त्याहून जाड 4411.14, असे तीन वेगळे तक्ते करा.

तरीही एक अडचण उरतेच. 2016 मध्ये भारताने व्हिएतनाम आणि इंडोनेशियाच्या साध्या एमडीएफवर अँटी-डंपिंग शुल्क (पडेल भावाने येणाऱ्या परदेशी मालावरचं जादा शुल्क) लावलं ते 6 मिमी आणि त्याहून जाड मालावर. एचएस कोडची रेष 5 वर आणि त्या शुल्काची 6 वर, त्यामुळे त्या काळातल्या 4411.13 च्या आकड्यांत शुल्क लागलेला आणि न लागलेला माल एकत्र आला. या कोडवरून शुल्काचा परिणाम मोजायला जाल तर उत्तर चुकणारच. इथे आठ अंकी कोड आणि बिलावरचं मालाचं वर्णन पाहण्याला पर्याय नाही.

वजनाचं घनमीटर करताना सगळ्या बोर्डांना एकच घनता लावणं हीसुद्धा नेहमीची चूक. 750 किलोच्या घनतेने एक टन म्हणजे 1.33 घनमीटर, 550 ने 1.82. एमडीएफचा गुणक हलक्या प्लायवूडला लावला की पाव भाग माल कागदावरून गायब!

व्हिएतनामची निर्यात आणि भारताची आयात जुळत नाही म्हणून घाबरू नका. निर्यात एफओबी, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीत; आयात सीआयएफ, म्हणजे भाडं-विम्यासकट. 2021 मध्ये कंटेनरचं भाडं भडकलं तेव्हा कारखान्याचा दर न हलताही न्हावा शेवाला पोचलेला माल महाग दिसला. शिवाय आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, तिकडचं जानेवारी ते डिसेंबर. महिनावार आकडे घेतले की हा घोळ मिटतो.

प्लायवूडची (कोड 4412) जुनी मालिका 2022 पाशी तपासा. त्या वर्षीच्या एचएस दुरुस्तीत एलव्हीएलला (व्हीनियरचे थर एकाच दिशेने चिकटवून केलेलं लाकूड) वेगळी उपशीर्षकं मिळाली. फेस व्हीनियर (प्लायवूडच्या वर लावायचा लाकडाचा पातळ थर) तर 4408 मध्ये असतं. ते 4412 मध्ये शोधून सापडणार नाही.

आणि पुरवठादार देश अचानक उगवला तर आधी त्याचे कारखाने शोधा. युरोपने रशियाच्या बर्च प्लायवूडवर 2021 मध्ये अँटी-डंपिंग शुल्क लावलं आणि 2024 मध्ये तेच कझाकस्तान आणि तुर्कीहून येणाऱ्या मालापर्यंत वाढवलं, कारण शुल्क चुकवण्यासाठी माल तिकडून फिरवला जात होता. असा देश तक्त्यात वेगळ्या ओळीत ठेवा आणि त्याच काळात मूळ देशाची निर्यात किती घटली ते शेजारी लिहा.